पेरणी झाल्यावर ढोल उतरत नाही

जोगळेकर सरांमुळे मी शिकलो. हे आधीच लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की पोरगं उपकार विसरलं. विसरलो नाही. चौथी झाल्यावर मी गुरांमागे लागलो होतो. सर दीड तास डोंगर चढून आमच्या खोपटात आले, आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि बापाला म्हणाले, "हा मुलगा मला द्या." त्यांनी मला वसतिगृहात घातलं. तापात माझ्या उशाशी बसले. त्यांच्या मुलाचे जुने बूट घालून मी मॅट्रिकच्या परीक्षेला गेलो. आमच्या ठाकरवाडीतला पहिला बी.ए. मी, तो त्यांच्यामुळे.

त्याच सरांनी एका पंधरा ऑगस्टला माझ्या मामाच्या कमरेला सागाचा पाला बांधला. दोरीचं एक टोक शिपायाच्या हातात होतं. दुसरं माझ्या.

आणीबाणी उठून दुसरा पावसाळा होता. मी तेव्हा सरांच्याच हायस्कूलमध्ये तात्पुरता शिक्षक होतो. मामाचं नाव चिंधू. आईचा थोरला भाऊ. त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून आला होता. बंडीला नवी बटणं. डोक्याला लाल फेटा. तो फेटा लग्नाला आणि नव्याच्या, म्हणजे नव्या धान्याच्या, सणालाच पेटीतून निघायचा. मामाच्या मागे वाडीतले आठजण, सगळे तसेच नटलेले. मुळशीचा पाऊस, वाट सगळी चिखलाची. म्हणून धोतरं गुंडाळून डोक्यावर घेतली, लंगोटीवर डोंगर उतरले आणि शाळेच्या मागे येऊन नेसले. धोतराला डाग नको म्हणून.

सरांनी त्यांना पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"हे काय? हे तर गावच्या कुणब्यांसारखे दिसतात. पुण्याचे पाहुणे आलेत. त्यांना आदिवासी दिसायला हवेत."

शिपाई पाला घेऊन आला. आदल्या दिवशीच तोडून पाण्यात ठेवलेला. म्हणजे सगळं ठरलेलं होतं. मला तेवढं सांगितलं नव्हतं.

मामा माझ्याकडे बघत राहिला. "ह्ये काय रं पोरा? आपल्यात कोन नेसतं पाला?"

मी म्हणालो, "थोडा वेळच आहे, मामा."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

धोतर फेडून त्यानं नीट घडी केली. घडी माझ्या हातात दिली. मग हात वर करून उभा राहिला. म्हशीला दावं बांधताना ती उभी राहते तसा. मी गाठ मारली.

ढोलाचं आता सांगतो. ते समजल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

आमच्या वाडीत ढोल एकच. मामाच्या घरी. शिवणीचं पोकळ खोड, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं, मामाच्या बापानं मढवलेला. पेरणी झाली की तो आढ्याला बांधायचा. खालून चुलीचा धूर लागतो, पावसात कातडं मऊ पडत नाही. नाचणी पिकली, पहिली कणसं कणसरीपुढं ठेवली, की मग उतरवायचा. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. तिला नवं दाखवण्याआधी ढोल नाही, नाच नाही. आणि ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. एवढाच नियम. कुठं लिहिलेला नाही, आणि मोडलेलाही कुणाला आठवत नाही.

सरांनी जुलैत मला ऑफिसात बोलावलं होतं. म्हणाले, "तुमच्या लोकांचा तो ढोलनाच बसव, गाण्यासकट. आदिवासी संस्कृती लोकांपुढे आली पाहिजे. आपलाच ठेवा आहे तो."

आपलाच. मला भरून आलं. कारण सहावीत असताना वसतिगृहाच्या आवारात मी कणसरीचं गाणं गुणगुणत होतो, तेव्हा याच सरांनी मला अर्धा तास ओणवं उभं केलं होतं. "रानातलं रानात ठेवून यायचं. इथे नाही." मी ठेवून आलो. इतकं लांब ठेवून आलो की त्या गाण्याची दुसरी ओळ मला आठवेना. आता तेच सर तेच गाणं मागत होते. मला वाटलं, आपले दिवस आले.

मामाला वाटलं नाही.

"रोपं आता कुटं भुईला लागल्यात. आता ढोल?"

"सरांचा शब्द आहे, मामा. सरांनी मला माणूस केलं."

"मंग आमी कोन?"

मामा ढोलाला हात लावेना. शेवटी मीच उतरंड सरकवून वर चढलो. गाठ सुटेना. धुरानं दगड झालेली. मी कोयता मागितला. कुणी दिला नाही. मी खाली उतरून घेतला, परत चढलो आणि दोरी तोडली. आई दारात उभी होती. म्हणाली, "शिकून ह्येच आलं व्हय तुला? तोडाया?"

तरी मामा आला. भाच्याची नोकरी आहे म्हणून आला. आठजण त्याच्या शब्दाखातर आले.

शाळेत ढोल वाजेना. डोंगर उतरेपर्यंत कातडं ओलं झालं होतं. थाप मारली की ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज. मामा म्हणाला, "ऊन पायजे. न्हाईतर गवताचा धूर. जरा दम धरा." पाहुण्यांना परत जायची घाई. शिपायानं प्रयोगशाळेतला स्टो आणला, पेटवला, ढोल वर धरला. मामा ओरडला, "आगीवर न्हाई! आगीवर न्हाई!" सर म्हणाले, "होऊ दे रे, गरम झाला की ताणला जातो." शास्त्राप्रमाणे बरोबरच होतं ते. ताणला गेला. मग फाटला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आवाज फार मोठा नाही झाला.

मामा खाली बसला. फाटलेल्या कातड्यावरून तळवा फिरवत राहिला. "मपल्या बाचा हाय ह्यो," एवढंच म्हणाला.

सरांनी घड्याळ पाहिलं. मग हे बोलले. शब्दाला शब्द लिहितो.

"ठीक आहे, त्यात काय एवढं. स्वयंपाकघरातून डालड्याचा डबा आणा. ताल तर तोच ना."

डबा आला. रिकामा. मी माईकसमोर उभा होतो. हातात सरांनी लिहून दिलेला कागद. मी वाचला. "आता आपल्यासमोर येत आहेत आपले वनवासी बंधू. कंदमुळांवर जगणारे, सुधारणेचा वारा न लागलेले हे निरागस जीव..." माझे उच्चार स्पष्ट होते. वक्तृत्वात मला जिल्ह्यात बक्षीस होतं.

माझा मामा डालड्याच्या डब्यावर नाचला. कमरेला पाला, डोक्याला लाल फेटा. फेटा काढायला तो तयार झाला नाही, तेवढं एक. पाहुणे हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानं हसले. त्याचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. एका बाईंनी मामाचा हात धरून दोन पावलं टाकली. टाळ्या पडल्या. फोटो निघाला.

परतीच्या वाटेवर मामा एकदाच बोलला. "आमी कंदमुळं खातो व्हय रं? सकाळी तुझ्या आयेनं नाचनीची भाकर दिली, ती काय व्हती?"

आठजणांतला काळू फसकन हसला. मग बाकीचे हसले. मामाही. मला हसता आलं नाही. त्या दिवसापासून मामा मला पोरा म्हणायचा बंद झाला. मास्तर म्हणायला लागला.

त्या वर्षी वरच्या उतारावरची नाचणी पोचट निघाली. पाऊस मध्येच ओढला, खत नव्हतं, कारणं मला माहीत होती. वाडीला मात्र एकच कारण माहीत होतं. ते मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. नव्याच्या दिवशी कणसरीपुढं कणसं ठेवली. सगळे उभे. सवयीनं सगळ्यांच्या माना मामाच्या घराकडे वळल्या. तिकडून काही येणार नव्हतं. बायकांनी गाणं सुरू केलं, ते ढोलाविना दोन ओळी चाललं आणि बसलं. मुलं इकडेतिकडे पळत होती. म्हातारी माणसं नैवेद्य घेऊन घरी गेली. एवढ्या मोठ्या सणाला कुणी पाऊलही उचललं नाही.

मी खळ्यावर एकटा राहिलो. माईकवर सगळं बोललो होतो. इथं बोलायला एक शब्द नव्हता.

मी मामाकडे गेलो. म्हणालो, नवा ढोल करू. तो खाटेवरून उठला नाही.

"लाकूड हाय. बकरंबी मिळंल. मढवीन मी. पर मास्तर, तुला वाजवाया येतो का?"

"नाही."

"पावलं?"

"नाही."

"गानं?"

"एक ओळ."

"मंग कुनासाठी मढवू?"

हा प्रश्न मला कुठल्या परीक्षेत आला नव्हता. मी म्हणालो, "मला शिकव. माझ्यासारखी अजून असतील, त्यांनाही शिकव."

लाकूड कोरायला महिना गेला. कातडं भिजवणं, खरवडणं, ताणणं. माझे हात सोलले. मामा बाजूला बसून नुसता "न्हाई" म्हणायचा. न्हाई. परत. न्हाई. माघात ढोल वाजला. मग मी ठरवलं, दर रविवारी दुपारी खळ्यावर बसायचं. येईल त्यानं यावं. पलीकडच्या दोन वाड्यांतही जाऊन सांगून आलो.

पहिल्या रविवारी चौघं आले. त्यातले दोघं ट्रान्झिस्टर घेऊन. पुढच्या रविवारी तिघं. लोक आपल्या मुळाकडे धावत येतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. कुणी धावत आलं नाही. लोकांना मोळ्या विकायला पौडला जायचं होतं. काळू कुंपणावर बसून म्हणायचा, "बी.ए. होऊन ढोल बडवतुया. आमी न शिकता बडवत व्हतो, त्यात काय वंगाळ व्हतं?" तरुण पोरं म्हणायची, शिकवायचं तर इंग्रजी शिकव. मला राग यायचा. त्यांचा नाही. त्यांचं बरोबर होतं. राग याचा, की जे आपल्याला फुकट मिळायचं होतं ते आता वर्ग घेऊन मिळवायचं आहे. आणि वर्ग घेणारा मी, ज्याला पावलं येत नाहीत. मी दर वेळी डाव्या पायावर चुकायचो. पोरं खिदळायची. मामा म्हणायचा, "मास्तरच्या पायात अजून बूट हाय."

आई एके रविवारी तांदळाचं पीठ कालवून घेऊन आली. आमच्यात लग्नाला भिंतीवर चौक, म्हणजे पिठानं चौकोनी चित्र, काढतात; तो सवाष्णी काढतात आणि काढताना गातात. हल्ली कॅलेंडरातला गणपती चिकटवून भागवायला लागले होते. आई कुणाला काही न सांगता माझ्या भिंतीवर काढायला बसली. गात. दोन बाया तिच्या चुका काढायला आल्या. "असं न्हाई गं, चंद्र हिकडं." "तुझ्या लग्नात आसंल तिकडं. मपल्यात हिकडंच." भांडण लागलं. पुढच्या रविवारी भांडायला नऊ बाया आल्या. त्या दिवसापासून खळं भरायला लागलं.

वैशाखापर्यंत वीस-बावीस मुलं पावलं टाकू लागली. त्यातली चार आमच्या हायस्कुलातली होती. ती मात्र ढोल धरायची नाहीत. मागे बसायची. मी विचारलं. आठवीतली भागी म्हणाली, "सर, ढोल शिकलो तर आमालाबी पाला बांधतील का?"

तेव्हा कळलं. सरांच्या ऑफिसात मामाचा फोटो लागला होता. मोठा, काचेच्या चौकटीत. खाली सुंदर अक्षरात "आदिम लोकनृत्य". मी रोज त्याच्यासमोर हजेरीची सही करायचो. मान खाली घालून करायचो, म्हणून मला तो दिसेनासा झाला होता. मुलांना दिसत होता. मधल्या सुट्टीत गावची पोरं या चौघांना हाक मारायची, "ए पाला, पाणी आण."

एवढं सगळं मी खळ्यावर करत होतो आणि तिकडं भिंतीवर मामा तसाच लटकत होता.

मृगात पेरणी झाली. ढोल आढ्याला बांधायचा दिवस आला. मामा म्हणाला, "औंदा मास्तर बांधंल." मी चढलो. गाठ मारली. मामानं खालून बघितलं. "ओढ. अजून ओढ. हां. ध्येनात ठिव, बांधला त्यानंच सोडायचा."

श्रावण लागला आणि सरांनी बोलावलं. सरांच्या शिक्षणसंस्थेचा रौप्यमहोत्सव. भाद्रपदात मोठा कार्यक्रम, पुण्यामुंबईचे लोक. त्यांनी खळ्याचं ऐकलं होतं. खूश होते. अगदी मनापासून खूश. "अरे, तू तर कमाल केलीस! मुलांचं पथकच घेऊन ये. पोशाख आपण पुण्यात शिवून घेतोय, कापडी पानं, म्हणजे वाळायची भानगड नाही."

मी म्हणालो, "सर, नवं झाल्याशिवाय ढोल उतरत नाही."

"मागे उतरवला होतास की."

"तोडला होता."

ते हसले. "कुलूप लावलंय का आता?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्या कायम होण्याचं याच महिन्यात बघतोय मी. मी तुझ्यासाठी आजवर काय केलं ते मी कधी बोलून दाखवलं नाही."

खरं होतं. कधीच दाखवलं नव्हतं. ही पहिली वेळ.

मी नमस्कार करून बाहेर आलो. तोंडानं मला बोलता आलं नसतं. त्यांच्यासमोर माझी जीभ अजून सहावीतलीच. सरांनीच शिकवलं होतं, महत्त्वाचं असेल ते लिहून द्यावं. दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर गेलो, ऑफिसातलं एक काम केलं आणि टेबलावर पत्र ठेवलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

तीर्थस्वरूप सरांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही डोंगर चढून आला नसतात तर हे पत्र लिहिण्याइतकं अक्षर मला आलं नसतं. हे मी मरेपर्यंत म्हणेन, कुणापुढेही म्हणेन. पण त्याची परतफेड म्हणून मामाचं जे मी तुम्हाला दिलं, ते माझं नव्हतं. ते पुन्हा देणार नाही.

रौप्यमहोत्सवात आमची मुलं नाचणार नाहीत. कापडी पानातही नाही, धोतरातही नाही. तेव्हा नाचणी शेतात उभी असेल. तुमच्याकडे कुणी परीक्षेच्या आधी निकाल मागितला तर तुम्ही द्याल का?

तुम्ही मला सहावीत ओणवं केलंत आणि नंतर त्याच गाण्यासाठी टाळ्या वाजवल्यात. दोन्ही वेळा गाणं केव्हा म्हणायचं ते तुम्ही ठरवलंत. तुम्ही वाईट मनानं केलं असतंत तर हे पत्र सोपं झालं असतं.

आमचा नाच पाहायचा असेल तर नव्याच्या दिवशी वाडीवर या. वाट तुम्हाला माहीत आहे. मांडी घालून खळ्यावर बसावं लागेल. माईक नाही, परिचय नाही. तुमची ओळख वाडीला मी करून देईन. भाकर नाचणीची असेल.

ऑफिसातला फोटो मी आज सकाळी काढून नेला आहे. चौकट आणि काच कपाटावर ठेवली आहे, ती शाळेची. आतला माणूस आमचा. ही चोरी आहे असं तुमचं मत असेल तर पौडच्या पोलिस ठाण्यात जाऊन तशी तक्रार द्यावी. मी नाकारणार नाही. भागी आणि बाकीच्या तिघांना मी सांगितलं आहे की 'पाला' अशी हाक आली तर ओ द्यायची नाही, पाणी आणायचं नाही, आणि वर्गही सोडायचा नाही. त्यांना त्रास झाला तर मी शाळेत येईन. शिक्षक म्हणून ठेवलंत तर शिक्षक म्हणून. काढलंत तर पालक म्हणून.

कायम करण्याचा कागद तुमच्या टेबलावर आहे. त्याचा आणि ढोलाचा संबंध तुम्ही जोडलात. मी तो तोडतो. सही करा, करू नका.

या वर्षी ढोल मी बांधला आहे. कोयता घेऊन कुणी चढलं तर खाली मी उभा असेन.

आपला विद्यार्थी